मेहमान संगणक : लॅपटॉपच्या आत दुसरे यंत्र चालवायला काय लागते?

गेल्या तीस वर्षांत उर्दू आणि मराठीत संगणकावर जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे आज सहज उघडत नाही. फाइल असते, सीडी असते, पेन ड्राइव्हवर नक्कलही असते. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो मजकूर टाइप झाला, ते आजच्या लॅपटॉपवर चालत नाही. इनपेजच्या जुन्या आवृत्तीतला उर्दू मजकूर असो की श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर, नव्या संगणकात तो उघडला की अक्षरांच्या जागी अनोळखी खुणांचा पसारा दिसतो. कुणाचा अप्रकाशित दीवान, एखाद्या वाचनालयाची स्मरणिका, शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, अंजुमनच्या बैठकांचे वृत्तांत असे पुष्कळ काही या पसाऱ्यात अडकून पडले आहे.

यावर एक चांगला उपाय आहे. जुना संगणकच नव्या संगणकाच्या आत उभा करायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लॅपटॉप आपला नवाच राहतो, पण त्याच्या पडद्यावर एका खिडकीत विंडोज एक्सपी सुरू होते, आणि त्या एक्सपीत जुने इनपेज पूर्वीसारखे चालते. तंत्रज्ञ मूळ संगणकाला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. उर्दूत हेच मेजबान आणि मेहमान, मराठीत यजमान आणि पाहुणा.

हे सांगितले की शिक्षक मित्रांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “सर, मग यासाठी लॅपटॉप कोणता घ्यायचा?” दुकानात याचे उत्तर दोन शब्दांत मिळते, ‘भारी घ्या’. ते उत्तर महागात पडते आणि पुरेसे खरेही नाही. मेहमान ठेवायला घरात तीन गोष्टी लागतात. कोणी कुठे हात लावायचा याची शिस्त, बसायला जागा आणि सामानाला कोठी. संगणकात शिस्त प्रोसेसर ठेवतो, जागा रॅम देते आणि कोठी म्हणजे डिस्क. जागा आणि कोठी पैशांबरोबर वाढत गेल्या. शिस्तीचा इतिहास मात्र वेगळा आहे. ती साठच्या दशकातच सापडली होती, स्वस्त संगणक आले तेव्हा हरवली, आणि परत आली तेव्हा सर्वात स्वस्त लॅपटॉपपर्यंत सर्वात उशिरा पोहोचली. लॅपटॉप घेण्याआधी हा इतिहास माहीत असलेला बरा.

एक यंत्र, चौदा धनी

१९६० च्या सुमारास संगणक ही एका माणसाने वापरायची वस्तू नव्हती. विद्यापीठात किंवा मोठ्या कंपनीत एक यंत्र असे. संशोधक आपला प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कार्डांवर घेऊन जाई, कार्डे खिडकीतून आत देई आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी निकाल घ्यायला येई. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा रांगेत उभे राहायचे.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही व्यवस्था करून दाखवली. यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून अनेकांना एकाच वेळी वापर करू द्यायचा, ही त्यामागची कल्पना. त्यात एक अडचण लगेच समोर आली. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मेमरीत शिरला तर? कोणी यंत्र अडवूनच बसला तर? म्हणून आयबीएमच्या यंत्रात मेमरीला कुंपण आणि वेळ संपल्याची आठवण देणारे घड्याळ अशी जादा हार्डवेअर जोडावी लागली. वाटून वापरायचे तर नुसती सद्भावना पुरत नाही, यंत्रातच बंदोबस्त हवा, हा धडा तेव्हाच मिळाला.

त्याच सुमारास इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये ॲटलस हा संगणक तयार झाला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या यंत्रात १६ हजारांच्या आसपास शब्द मावतील एवढी वेगवान मेमरी होती आणि सुमारे ९६ हजार शब्दांचा संथ ड्रम. प्रोग्रॅमला मात्र हा सगळा एकच साठा भासे. कोणते पान वेगवान मेमरीत आहे आणि कोणते ड्रमवर, हे यंत्र आपले आपण पाही. पत्ता एक दाखवायचा आणि वस्तू प्रत्यक्षात दुसरीकडे ठेवायची, ही युक्ती आजच्या प्रत्येक लॅपटॉपात आहे.

या दोन धाग्यांची गाठ आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये बसली. हे केंद्र मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात, एमआयटीच्या शेजारी होते. तिथे रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखालच्या छोट्या गटाने वेगळाच विचार केला. प्रत्येकाला यंत्राचा थोडा वेळ देण्याऐवजी प्रत्येकाला अख्खे यंत्रच मिळाल्यासारखे वाटू द्यायचे. त्यांच्या व्यवस्थेचे नाव सीपी-४०. ती सिस्टिम/३६० मॉडेल ४० या यंत्रावर जानेवारी १९६७ मध्ये नियमित वापरात आली. एकाच वेळी चौदा व्हर्च्युअल मशीन त्यात चालत. प्रत्येकाला वाटे, आपल्यापाशी २५६ किलोबाइट मेमरीचा स्वतंत्र संगणक आहे. गंमत अशी, की त्या खऱ्या यंत्राची सगळी मेमरी मिळूनच २५६ किलोबाइट होती. आज मोबाइलने काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

हे कसे जमले? दोन गोष्टींमुळे. पहिली, सिस्टिम/३६० मध्ये आज्ञांचे दोन वर्ग होते. बेरीज-वजाबाकीसारख्या साध्या आज्ञा कोणीही द्याव्यात. टेप फिरवणे, मेमरीचे कुंपण बदलणे यांसारख्या आज्ञा मात्र फक्त नियंत्रकाने द्यायच्या. पाहुण्या प्रोग्रॅमने अशी आज्ञा दिली की यंत्र थबके आणि कारभार नियंत्रकाकडे जाई. नियंत्रक पाहुण्याच्या वतीने योग्य ते करून पुन्हा त्याला चालू करी. पाहुण्याला पत्ताही लागत नसे. दुसरी गोष्ट म्हणजे पत्त्यांचे भाषांतर. त्यासाठी या मॉडेल ४० ला ६४ नोंदींचे एक खास उपकरण जोडले होते. पाहुण्याने मागितलेला पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे, हे ते उपकरण तत्काळ शोधून देई.

आज्ञेवर अडवणूक आणि पत्त्याचे भाषांतर, या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आजचा लॅपटॉप निवडतानाही प्रोसेसरमध्ये याच दोन शोधायच्या आहेत.

पुढे मॉडेल ६७ मध्ये पत्त्यांच्या भाषांतराची सोय कारखान्यातूनच आली आणि सीपी-६७ ही व्यवस्था आयबीएमच्या बाहेरही वापरली जाऊ लागली. ऑगस्ट १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली आणि व्हर्च्युअल मशीन हा अधिकृत माल झाला.

कायदा लिहिला गेला

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एका निबंधात या अनुभवाला नियमाचे रूप दिले. त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता : कोणत्या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन नीट चालू शकते आणि कोणत्यावर नाही?

त्यांचे उत्तर थोडक्यात असे. यंत्राची अवस्था बदलणारी, किंवा यंत्राच्या खऱ्या अवस्थेवर जिचा परिणाम अवलंबून आहे अशी प्रत्येक नाजूक आज्ञा नियंत्रकाच्या नजरेखालून गेली पाहिजे. पाहुण्याने ती दिली की प्रोसेसरने थांबलेच पाहिजे. एकही नाजूक आज्ञा या नियमातून सुटता कामा नये.

वर्गातले उदाहरण घेऊ. मुलांनी विचारल्याशिवाय बाहेर जायचे नाही असा नियम आहे. मुलाने हात वर केला तर शिक्षकाला कळते, मग तो हो म्हणो किंवा नाही. पण एखादा मुलगा हात न वर करता उठायला गेला, दार बंद दिसले म्हणून मुकाट्याने परत बसला आणि मनात समजला की आपण बाहेर जाऊन आलो, तर? शिक्षकाला काही कळलेच नाही आणि मुलाचा समज चुकीचा राहिला. पोपेक आणि गोल्डबर्ग यांना अशा आज्ञेची भीती होती. अडणारी आज्ञा परवडते, गुपचूप निष्फळ होणारी परवडत नाही.

स्वस्त चिपने कायदा विसरला

इंटेलची ८०८६ चिप १९७८ मध्ये आली. तिचीच धाकटी बहीण ८०८८ घेऊन ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात उतरला. या चिपमध्ये आज्ञांचे वर्ग नव्हते, मेमरीला कुंपण नव्हते. त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. यंत्र एका माणसाचे, टेबल एका माणसाचे. घरात मेहमान येणारच नसेल तर पडदा कशाला?

१९८५ च्या ८०३८६ मध्ये इंटेलने बरीच शिस्त आणली. अधिकारांच्या चार पायऱ्या होत्या, पत्त्यांचे पानागणिक भाषांतर आले. जुन्या ८०८६ साठी लिहिलेले अनेक प्रोग्रॅम वेगवेगळ्या खोल्यांत चालवण्याची एक खास अवस्थाही आली. तिच्या बळावर १९८७ मध्ये विंडोज/३८६ मध्ये डॉसचे अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालू लागले. घरगुती यंत्रात मेहमाननवाजीची ही पहिली खोली होती. पण त्यात ८०८६ चे मेहमानच मावत. ३८६ च्या आत दुसरा ३८६ बसवता येत नव्हता, कारण १९७४ चा कायदा इथे पाळलेलाच नव्हता.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पॉपएफ ही आज्ञा. इतर कामांबरोबर ती ‘सध्या मला कोणी व्यत्यय आणू नये’ ही खूण चालू-बंद करू शकते. अधिकार नसलेल्या प्रोग्रॅमने ती खूण बदलायला सांगितले, तर इंटेलची चिप ना थांबते, ना तक्रार करते. ती खूण तशीच सोडून पुढे जाते. वर्गातला तो मुकाट मुलगा हाच. २००० मध्ये जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्विन यांनी पेंटियमच्या सुमारे २५० आज्ञा एकेक करून तपासल्या, तेव्हा कायदा मोडणाऱ्या १७ आज्ञा निघाल्या.

आता याच वर्षांत आपल्या भाषांचे काय चालले होते ते पाहू. १९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने उर्दूची छपाई कातिबाच्या बोरूतून संगणकात आणली. नस्तालीकमध्ये अक्षरे एकमेकांना उतरत्या चालीने जोडली जातात, म्हणून सुमारे वीस हजार जोडआकार त्यासाठी करावे लागले. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले आणि हा नस्तालीक साध्या पीसीवर आला. मराठीत श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांनी गावोगावच्या छपाईची रीत बदलली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच निघाली होती, पण विंडोजमध्ये देवनागरीची युनिकोड सोय विंडोज २००० पासून आली. मधल्या काळात प्रत्येक सॉफ्टवेअरने अक्षरांना आपापले क्रमांक दिले. एकाचा ‘क’ दुसऱ्याला भलतेच चिन्ह वाटे.

म्हणजे आपला मजकूर ज्या काळात संगणकात शिरला, त्याच काळातला प्रोसेसर मेहमान ठेवायला नालायक होता, आणि तो मजकूर ज्या सॉफ्टवेअरला बांधला गेला ते जुने होताच त्याला मेहमान म्हणून जपावे लागणार होते.

दुभाष्याची युक्ती

चिप कायदा पाळत नसेल तर काय करायचे? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका गटाने १९९७ मध्ये डिस्को नावाच्या प्रकल्पातून व्हर्च्युअल मशीनची जुनी कल्पना नव्या यंत्रांवर पुन्हा उभी केली. त्या गटातल्या लोकांनी इतर सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी काढली आणि १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन बाजारात आणले. इंटेलच्या साध्या पीसीवर एका विंडोजच्या आत दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालताना लोकांनी पाहिली.

त्यांची युक्ती दुभाष्याची होती. मेहमानाच्या गाभ्यातल्या आज्ञा थेट प्रोसेसरला द्यायच्याच नाहीत. आधी त्या वाचायच्या, नाजूक आज्ञा दिसली की तिच्या जागी सुरक्षित आज्ञा घालायच्या आणि मग हा बदललेला मजकूर चालवायचा. एकदा केलेले भाषांतर जपून ठेवायचे, म्हणजे तोच भाग पुन्हा आला की पुन्हा मेहनत नको. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला ही युक्ती मनापासून पटते.

२००३ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून झेन आले. त्यांनी दुसरी वाट धरली. दुभाष्या ठेवण्यापेक्षा मेहमानालाच थोडी नवी रीत शिकवायची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बदल करायचा. लिनक्सचा मजकूर खुला असल्याने तिथे हे सोपे होते. विंडोज मात्र बाहेरच्याला बदलता येत नाही.

लॅपटॉपवर या युक्त्यांना दुसऱ्याच गोष्टीने मर्यादा घातली. २००१ च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट रॅम लागे, १२८ असावी अशी शिफारस होती. त्या काळच्या सर्वसाधारण लॅपटॉपात १२८ किंवा २५६ मेगाबाइटच असत. त्यात यजमान बसवला की मेहमानाला उरणार किती? रॅम कमी पडली की संगणक डिस्कवर पाने टाकतो आणि परत उचलतो. लॅपटॉपची हार्ड डिस्क तेव्हा मिनिटाला ४२०० फेऱ्यांनी फिरे. दोन सिस्टिम एकाच तबकडीवर धावू लागल्या की माउसचा बाणसुद्धा हलेना. शिस्तीची उणीव दुभाष्याने भरून काढली, पण जागेची उणीव कोणतीच युक्ती भरून काढत नव्हती.

शिस्त परत येते

नोव्हेंबर २००५ मध्ये इंटेलने पेंटियम ४ च्या ६६२ आणि ६७२ या दोन चिपमध्ये व्हीटी-एक्स ही सोय दिली. २००६ च्या सुरुवातीला कोअर ड्युओबरोबर ती लॅपटॉपात आली. मे २००६ पासून एएमडीने आपल्या चिपमध्ये एएमडी-व्ही दिले. नावे दोन, काम एकच. प्रोसेसरमध्ये मेहमानासाठी स्वतंत्र अवस्था आली. मेहमान आपल्या घराचा राजाच राहतो, पण नियंत्रकाने नेमून दिलेल्या नाजूक आज्ञेपाशी चिप स्वतः थांबून यजमानाला बोलावते. १९६७ मध्ये जे होते, ते जवळपास चाळीस वर्षांनी आपल्या टेबलावर आले.

सुरुवातीला त्याचा वेगाला मोठा फायदा झाला नाही. व्हीएमवेअरच्याच दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की अनेक कामांत जुना दुभाष्या नव्या हार्डवेअरपेक्षा सरस ठरतो. कारण फक्त पहिली अट पूर्ण झाली होती. दुसरी, पत्त्यांच्या भाषांतराची, राहिली होती. मेहमान आपल्या पानांची यादी ठेवी, यजमान तिची खरी यादी गुपचूप वेगळी ठेवी, आणि दोन्हींचा मेळ सॉफ्टवेअरने घालावा लागे. ही कसरत एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने नोव्हेंबर २००८ मध्ये चिपच्या अंगावर घेतली. आता प्रोसेसर स्वतः दोन टप्प्यांत पत्ता शोधतो. चार पातळ्यांची यादी असली तर वाईटात वाईट वेळी त्याला २४ वेळा मेमरीत डोकवावे लागते. पण सापडलेला पत्ता तो जवळ जपून ठेवतो, त्यामुळे हे क्वचित घडते.

मधल्या काळात फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आले. ते पहिल्यापासून या नव्या हार्डवेअरवरच उभे होते. व्हर्च्युअलबॉक्स त्याच वर्षी खुले झाले आणि घरगुती वापरणाऱ्याला एकही पैसा न देता हे सगळे करता येऊ लागले.

स्वस्त लॅपटॉपचा वनवास

सॉफ्टवेअर फुकट झाले, पण चिप तशी झाली नाही. व्हीटी-एक्स ही सोय बरीच वर्षे किंमत पाहून वाटली गेली. महाग प्रोसेसरमध्ये ती असे, त्याच काळातल्या अनेक सेलेरॉन आणि स्वस्त पेंटियममध्ये नसे. २००८ च्या सुमारास ज्या छोट्या नेटबुकनी लॅपटॉप सामान्य घरात नेला, त्यातल्या पुष्कळांत ॲटम एन२७० हा प्रोसेसर होता. त्यातही ही सोय नव्हती. काही लॅपटॉपांत चिपमध्ये सोय असूनही बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असे.

याचा फटका कुणाला बसला, हे विंडोज ७ च्या वेळी दिसले. ऑक्टोबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या सॉफ्टवेअरसाठी एक्सपी मोड दिला. विंडोज ७ च्या आत एक्सपी चालवणारे हे तयार व्हर्च्युअल मशीन होते. पण त्याला व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही आवश्यक होते. तक्रारी झाल्या आणि मार्च २०१० मध्ये ती अट काढून टाकावी लागली. जुन्या सॉफ्टवेअरची सर्वाधिक गरज कुणाला असते? जो दर दोन वर्षांनी नवे घेऊ शकत नाही त्याला. आणि ज्याच्या यंत्रातून ही सोय वगळली, तो बहुतेक वेळा तोच होता. छोटी छपाईची दुकाने, उर्दू शाळा, मदरसे, तालुक्याची साप्ताहिके या यादीत आपोआप येतात.

पुढे दुभाष्याची वाटही बंद झाली. डिसेंबर २०१९ मधल्या व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून हार्डवेअरची सोय नसेल तर मशीन सुरूच होत नाही. त्यामुळे आज लॅपटॉप घेताना पहिला प्रश्न प्रोसेसर किती भारी आहे हा नाही, त्यात शिस्त आहे का हा आहे.

मग काय पाहायचे?

सुदैवाने हा प्रश्न आता सोपा झाला आहे. लॅपटॉपसाठीच्या कोअर आय३, आय५, आय७ मध्ये पहिल्या पिढीपासून दोन्ही सोयी आहेत. एएमडीच्या रायझनमध्येही आहेत. विंडोज १० किंवा ११ मध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधला सीपीयूचा भाग पाहावा. तिथे व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड असे दिसले की झाले. डिसेबल्ड दिसले तर घाबरून नवा लॅपटॉप घेऊ नये. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या यंत्रात व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एएमडीच्या यंत्रात एसव्हीएम मोड या नावाची सोय चालू करावी.

रॅमचा हिशेब मेहमानावर आहे. एक्सपीला ५१२ मेगाबाइट दिले तरी तो खुशीत राहतो. म्हणून जुन्या फाइली उघडण्यासाठी ८ गिगाबाइटचा लॅपटॉप पुरतो. आत विंडोज ११ चालवायचे असेल तर त्या मेहमानालाच किमान ४ गिगाबाइट लागतात, मग १६ असलेले बरे. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच पक्की असते, पुढे वाढवता येत नाही. दुकानदाराला हे आधी विचारावे. कोठी म्हणून एसएसडी हवी. एक्सपीच्या मेहमानाला १० गिगाबाइट जागा भरपूर होते. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर जो फरक पडतो, तो प्रोसेसर बदलूनही पडत नाही. दोन्ही सोयी, रॅमला मोकळा खाचा आणि एसएसडी असलेला जुना पण चांगला लॅपटॉप या कामाला पुरेसा आहे.

एका ठिकाणी मात्र सावध राहावे. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलचे लॅपटॉप एम१ या एआरएम जातीच्या चिपवर आले, आता विंडोजचेही काही लॅपटॉप एआरएमवर येतात. ही यंत्रे उत्तम आहेत, पण त्यांची आज्ञांची भाषाच वेगळी आहे. एक्सपी इंटेलची भाषा बोलतो. तिथे पुन्हा प्रत्येक आज्ञेला दुभाष्या लागतो आणि काम संथ होते. जुन्या इनपेजसाठी लॅपटॉप घेत असाल तर इंटेल किंवा एएमडीचाच घ्यावा.

डोंगलही विसरू नये. त्या काळच्या डीटीपी सॉफ्टवेअरबरोबर अनेकदा प्रिंटरच्या पोर्टात किंवा यूएसबीत लावायचे डोंगल मिळे, त्याशिवाय ते चालत नसे. यूएसबीचे डोंगल यजमान मेहमानाच्या हाती सोपवू शकतो. प्रिंटरचा तो रुंद पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नाही, म्हणून तसे डोंगल असेल तर जुना डेस्कटॉप मोडीत काढण्याची घाई करू नये. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर सुरक्षेची मदत देणे थांबवले, त्यामुळे या मेहमानाला इंटरनेट जोडू नये. फाइली आत-बाहेर नेण्यापुरते एक सामायिक फोल्डर पुरते.

८ गिगाबाइट म्हणजे त्या मॉडेल ४० च्या मेमरीच्या ३२,७६८ पट. त्या यंत्राने चौदा जणांना स्वतःचा संगणक दिला, तो जागेच्या जोरावर नव्हे. आपल्याला तर एकच मेहमान बसवायचा आहे, तोही काही दिवसांसाठी. त्याच्याकडून जुनी फाइल उघडून घ्यायची, तिची पीडीएफ करायची, मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि दोन ठिकाणी जपून ठेवायचा.

लॅपटॉप आज नाही तर उद्या मिळेल. पण कोणती फाइल कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत आणि कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केली, हे सांगणारे डीटीपी ऑपरेटर आता निवृत्तीला आले आहेत. आपल्या ओळखीत असा कोणी असेल तर त्यांच्याकडे जा. मूळ सीडी, फॉन्ट आणि डोंगल मागून घ्या, आणि त्यांनी सांगितलेले साध्या वहीत लिहून ठेवा. हार्डवेअर पुन्हा विकत घेता येते, ही माहिती घेता येत नाही.